प्रीती वाटणे आणि प्रीती करणे

विक्रोळीच्या एका भगिनीने लिहिलेले चार पानी पत्र माझ्यासमोर आहे. त्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) सभासद आहेत आणि मस्जिद बंदरला एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिण्याचे काम करतात. घरी रात्रपाळी करणारे पती आहेत, नुकताच दहावी झालेला मुलगा आहे आणि दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. त्या लिहितात की मंडळीच्या शिबिरात देवावर "पूर्ण अंतःकरणाने प्रीती कर" या बायबलमधल्या वचनावर संदेश झाला, आजूबाजूच्या बहिणी रडून प्रार्थना करत होत्या आणि आपल्याला मात्र काहीच वाटले नाही. घरी आल्यावर त्यांनी पहाटे साडेचारला उठून प्रार्थनेला बसण्याचे ठरवले, पण रोज गुडघ्यांवरच डोळा लागतो. संदेशात असेही सांगितले होते की देवापेक्षा ज्याच्यावर अधिक प्रेम असते ती मूर्तीच होय. "खरे सांगायचे तर माझा जीव माझ्या मुलात आहे. मग मी आजवर देवाशी खोटे बोलत आले काय?" असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम.

शेवटच्या ओळीतला प्रश्न तुम्ही फार दिवस मनात दाबून ठेवला असावा, असे पत्र वाचताना जाणवले. देवाशी खोटे बोलण्याची ज्याला भीती वाटते त्याला देव परका नसतो, एवढे मी आधीच सांगून ठेवते. बाकीचे सावकाश बोलू, कारण या वचनाबद्दल आपल्या मंडळ्यांमध्ये पुष्कळ गैरसमज आहेत आणि त्यांचा भार बहुधा तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसांवरच पडतो.

आपल्या मराठीत प्रेम वाटते, प्रेम बसते, जीव जडतो. या साऱ्या गोष्टी आपल्या बाबतीत घडतात, त्या हुकूम देऊन घडवता येत नाहीत. आज्ञेतले शब्द मात्र "प्रीती कर" असे आहेत. "तुला भूक लागू दे" असे कोणी कोणाला सांगू शकत नाही, पण "पाने वाढ" असे सांगता येते. शिबिरात तुम्हाला प्रीती वाटली नाही आणि त्यावरून तुम्ही प्रीती करत नाही असा निष्कर्ष काढला, तिथेच तुमची वाट चुकली. अश्रूंना मी कमी लेखत नाही. ते मलाही लाभले आहेत आणि लाभले तेव्हा मी देवाचे आभार मानले आहेत. पण ती देवाची देणगी असते, आणि देणगीचा हिशेब आपल्या खात्यावर मांडायचा नसतो, हे हिशेब लिहिणाऱ्या तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.

आता "पूर्ण अंतःकरणाने" या शब्दांकडे पाहू. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मूळ इब्री शब्द लेवाव असा आहे. त्याचा शब्दशः अर्थ हृदय, पण इब्री माणूस विचारही हृदयानेच करत असे, निश्चयही तिथेच होत असे आणि आठवणही तिथेच राहत असे. हृदय म्हणजे केवळ भावनांचे घर, ही समजूत पुष्कळ नंतरची आहे. या बाबतीत आपली मराठी भाग्यवान आहे, असे मला नेहमी वाटते. आपल्याकडे मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार या चौघांना मिळून अंतःकरण म्हणतात, त्यामुळे "पूर्ण अंतःकरणाने" असे वाचताना आपण जर शब्द नीट ऐकला, तर तुमचा हिशेबातला चोखपणा, निर्णय घेताना होणारी तुमची चलबिचल, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा लक्षात ठेवणारी तुमची स्मरणशक्ती, हे सारे त्या शब्दात येते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू हीच आज्ञा सांगतो तेव्हा तिथे "पूर्ण बुद्धीने" हे शब्द वेगळे घातलेले आहेत, ते उगाच नाहीत. पूर्ण म्हणजे उकळणारे असा अर्थ नाही; पूर्ण म्हणजे ज्याचा एखादा कोपरा बाजूला काढून कुलूप लावून ठेवलेला नाही, असे.

तुम्ही रोज ज्या मस्जिद स्थानकावर उतरता, तिथून थोड्या अंतरावर मांडवीत बेने इस्राएल समाजाचे सर्वांत जुने सभास्थान, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनागृह, आहे. ते १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले, लोक त्याला जुनी मशीद म्हणत आणि त्यावरूनच स्थानकाला हे नाव पडले, असे सांगतात. हे मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले आणि कोकणात तेल गाळण्याचा धंदा करू लागले. शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. किती तरी पिढ्या त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, इब्री भाषा जवळजवळ विसरली गेली होती, पण शब्बाथ राहिला, सुंता राहिली आणि शमा राहिला. शमा म्हणजे "हे इस्राएला, श्रवण कर" हे वचन. तुम्हाला ज्या आज्ञेने झोपू दिले नाही ती आज्ञा त्याच वचनाला लागून येते. धार्मिक यहुदी ते सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा म्हणतो, मग त्या दिवशी मन लागलेले असो वा नसो. एवढ्या मोठ्या विस्मरणातून जर काही तरून आले असेल, तर ते रोजच्या करण्यामुळे आले.

माझे बालपण भायखळ्याच्या एका चाळीत गेले. शेजारी एक बेने इस्राएल कुटुंब राहत असे. त्यांच्या दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला बोटाएवढी एक तिरपी डबी ठोकलेली होती, तिला मेझुझा म्हणतात. तिच्या आत चर्मपत्रावर हीच आज्ञा लिहिलेली असते. काकू बाजारातून येत, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली, आणि किल्ली कुलपात घालण्याआधी त्या पिशवी कोपरात अडकवून दोन बोटे त्या डबीला लावत आणि ओठांना टेकवत. डबीचा रंग त्या जागी उडालेला होता, आतले पत्र्याचे पोट दिसत असे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. एकदा त्यांना विचारले, "काकू, हात लावताना तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "रोज कुठलं वाटतंय गं? घरात शिरताना कोणाच्या घरात शिरतो ते सांगायचं, बस." पुढे शाळेत शिकवताना आणि मंडळीत बहिणींबरोबर वचन वाचताना या विषयावर मी पुष्कळ काही वाचले आणि ऐकले, पण रंग उडालेली ती जागा माझ्या मनातून गेली नाही.

मात्र इथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. करणे म्हणजे देवाची मर्जी मिळवण्यासाठी राबणे, असा अर्थ घेतलात तर तुम्ही एका ओझ्याखालून निघून दुसऱ्याखाली जाल. आज्ञा येते ती सुटकेनंतर. इस्राएल लोक मिसरच्या (इजिप्तच्या) दास्यातून बाहेर आले आणि मग त्यांना सांगितले गेले की आता या देवावर प्रीती करा. दिवेकरांनीही सभास्थान बांधले ते टिपूच्या कैदेतून जिवंत सुटल्याच्या कृतज्ञतेने, अशी आठवण त्यांच्या समाजात जपली आहे, आणि त्या सभास्थानाच्या इब्री नावाचा अर्थ दयेचे द्वार असा आहे. प्रेषित योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो की पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो. या वाक्यातला "म्हणून" विसरला की ख्रिस्ती जीवन म्हणजे कायमची परीक्षा होऊन बसते. तुमच्या पत्रात पानेच्या पाने तुमच्या प्रीतीबद्दल आहेत आणि त्याच्या प्रीतीबद्दल एकही ओळ नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही, पण दुखणे कुठे आहे ते मला तिथे दिसले.

प्रभूचा शिष्य पेत्र याची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. शेवटच्या भोजनाच्या वेळी त्याचे अंतःकरण भरून आले होते, "तुमच्यासाठी मी प्राण देईन" असे तो म्हणाला आणि ते त्याला खरोखर वाटत होते. कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने प्रभूला तीनदा नाकारले. हे जिथे घडले त्या अंगणातला एक तपशील योहानाने आपल्या शुभवर्तमानात टिपला आहे की थंडी होती म्हणून कोळशांचा विस्तव पेटवलेला होता. पुढे एकविसाव्या अध्यायात तिबिर्याच्या समुद्रकाठी रात्रभर जाळी टाकून थकलेले शिष्य किनाऱ्याला लागतात, तेव्हा पुन्हा कोळशांचा विस्तव दिसतो, त्यावर मासळी आणि जवळ भाकर. नव्या करारात या विस्तवासाठी वापरलेला ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो. त्या विस्तवापाशी आधी न्याहारी होते आणि मग प्रभू विचारतो, "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?" "त्या रात्री तुला काय वाटत होते", असे तो विचारत नाही. पेत्रही आता मोठे शब्द वापरत नाही, "तुम्हाला ठाऊक आहे" एवढेच म्हणतो. आणि प्रत्येक उत्तरावर त्याला काम मिळते: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ. ज्याच्या प्रीतीचा असा फज्जा उडाला होता त्याच्याच हाती कळप दिला गेला, हे मला शुभवर्तमानातल्या सर्वांत मोठ्या गोष्टींपैकी एक वाटते.

मदर तेरेसा १९९७ साली वारल्या आणि २००७ साली त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की कित्येक दशके त्यांना प्रार्थनेत देवाचा सहवास जाणवत नव्हता. तरी त्या रोज प्रार्थनेला बसत आणि रोज बाहेर पडत. एवढे सांगून मी पुढे जाते.

तुमच्या मुलाविषयी. मत्तयाच्या दहाव्या अध्यायातले "जो माझ्यापेक्षा मुलावर किंवा मुलीवर अधिक प्रीती करतो" हे वचन कठीण आहे आणि ते मी पातळ करून सांगणार नाही. पण त्याच्या आधीच्या ओळी वाचा. तिथे घरात फूट पडण्याची गोष्ट चालली आहे, म्हणजे जिथे घर एकीकडे ओढते आणि प्रभू दुसरीकडे बोलावतो तो प्रसंग. आपल्या मराठी मंडळीला हा प्रसंग नवा नाही. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या आणि पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांची ताटातूट आली. टिळकांनी प्रभूला सोडले नाही आणि लक्ष्मीबाईंवरची मायाही सोडली नाही. पुढे त्या परत आल्या आणि काही काळाने स्वतःच्या निश्चयाने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ख्रिस्तायन हे काव्यही त्यांनीच पुढे नेले. देवावरची प्रीती ही घरच्या माणसांवरच्या मायेतून कापून काढायची असती, तर हे असे घडले नसते. मुलात तुमचा जीव आहे, तो असू द्या. तो देवानेच लावलेला जीव आहे. देव आणि तुमचा मुलगा एका तराजूच्या दोन पारड्यांत बसलेले नाहीत, आणि कोणासाठी किती उमाळा येतो हे मोजत बसलात तर मुलाचे पारडे नेहमीच जड वाटेल, कारण तो समोर दिसतो, त्याला ताप येतो, तो हाक मारतो.

पण त्या वचनाची धार जिथे खरोखर लागते ती जागा तुमच्या पत्रातच आहे, आणि तुम्ही ती जाता जाता लिहून गेला आहात. तिसऱ्या पानावर सासूबाईंच्या फिजिओथेरपीचा खर्च सांगताना तुम्ही लिहिता की मुलाची अकरावीची फी माफ व्हावी म्हणून कमी उत्पन्नाचा दाखला "करून" देणारा एक जण दीरांच्या ओळखीचा आहे आणि तेही काम या आठवड्यात उरकायचे आहे. भगिनी, शिबिरात डोळे कोरडे राहिले त्याबद्दल तुम्ही दोन पाने लिहिली आणि याबद्दल एक ओळ. मला तुमचा राग आलेला नाही. महिन्याअखेरीला पैसे कसे पुरवायचे हे ज्याला माहीत आहे त्याला या मोहाची ओढही माहीत आहे, आणि फी भरण्यासाठी आईची कुडी गहाण पडलेली मी माझ्या घरी पाहिली आहे. तरीही सांगते, पूर्ण अंतःकरण म्हणजे काय हा तुमचा प्रश्न या आठवड्यात तुमच्यासमोर कागदाच्या रूपाने येणार आहे. तो कागद म्हणजे अंतःकरणातली ती कुलूप लावलेली खोली आहे. रविवारच्या गायनात पुढे असलेले मन तिथे देवाला दारातच थांबवून म्हणते की इथे मी बघून घेते. शिवाय तो दाखला ज्या मुलापायी काढायचा, त्याच्याच हातून तो महाविद्यालयात सादर होणार. आई देवावर कशी प्रीती करते हे त्याला शिबिरातल्या रडण्यावरून कळणार नाही, यावरून कळेल.

तो खोटा दाखला काढू नका. जो खरा उत्पन्नाचा दाखला मिळेल तो काढा आणि त्यावर जी सवलत मिळेल ती घ्या. फी हप्त्यांनी भरता येईल का, असे महाविद्यालयाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. मंडळीच्या पंचकमिटीत कोणाशी तरी मोकळेपणाने बोला. शिक्षणासाठी मदत मागायला आपण लाजतो आणि खोटा कागद करायला लाजत नाही, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे आणि ती मला मनापासून सलते. एवढे करून पैसे कमी पडले तर पडतील. मुलाला जवळ बसवून का कमी पडले ते सांगा.

आणखी एक. आज्ञेत "पूर्ण शक्तीने" असे आहे, म्हणजे तुमच्याजवळ जी आहे तिने. रात्री दोनदा उठून सासूबाईंची कूस बदलणाऱ्या बाईने पुन्हा पहाटे साडेचारला उठावे, अशी मागणी प्रभूने केलेली माझ्या वाचनात नाही. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली "आता पुरे" म्हणून आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी ठेवले, तो पुन्हा झोपला आणि देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घातले. देवाची भेट झाली तो होरेब डोंगर त्यानंतरचा. तुम्ही सहापर्यंत झोपा. दीर दाखल्याची वाट दाखवू शकतात, तर आठवड्यातून एक रात्र त्यांनी आपल्या आईजवळ काढावी, हेही त्यांना स्पष्ट सांगा. सासूबाईंची सेवा ही प्रीतीच आहे, कारण दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येत नाही, असे योहानानेच लिहिले आहे. पण ती सेवा एकट्या सुनेच्या नावे लिहिलेली नाही. आणि उपासनेतच नव्हे, तर जेवणात, बोलण्यात, मुलाच्या निकालातही काही वाटेनासे झाले असेल, झोप येऊनही थकवा जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा आपण ज्याला आत्मिक कोरडेपणा म्हणतो ते शरीराचे आणि मनाचे आजारपण असते, आणि त्याला औषध आहे.

प्रार्थनेसाठी मी तुम्हाला एकच ओळ देते. स्तोत्र ८६ मध्ये दावीद म्हणतो, "माझे चित्त एकाग्र कर." एकाग्र झालेले चित्त घेऊन तो देवापुढे येत नाही, विखुरलेले चित्त घेऊन येतो आणि ते एकवट करून मागतो. अनुवादाच्या तिसाव्या अध्यायात तर देवाने वचनच दिले आहे की तू पूर्ण अंतःकरणाने प्रीती करावी म्हणून मीच तुझ्या अंतःकरणाचे काम करीन. सहाव्या अध्यायात जी आज्ञा आहे ती तिसाव्यात वचन होऊन येते. म्हणून गाडीत बसायला जागा मिळो वा न मिळो, सँडहर्स्ट रोड सुटले की ही ओळ मनात म्हणा आणि मस्जिदला उतरा. परतताना विक्रोळीच्या फलाटावर पाय ठेवण्याआधी पुन्हा म्हणा. काही वाटले तर आभार माना, नाही वाटले तरी उतरा आणि घरी जा.

येत्या रविवारी गायनात ते वचन आले तर तोंड मिटून बसू नका. तुम्ही खोटे बोलत नाही, मागत आहात.

दाखल्याचे काय ठरले ते मला अवश्य लिहा, आणि सासूबाईंना माझा सलाम सांगा.

तुमची बहीण